एक वगळ

मुंगसं विद्यापीठ चालवायची, तेव्हाची गोष्ट. सापाच्या विषावर एक मुळी उतारा ठरते का, हे कपिला नावाची विद्यार्थिनी तपासत होती. मुळी खाऊन सापाशी झुंजलेली सगळी मुंगसं वाचली, एक मात्र दगावलं. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

“ते एक वगळ,” तिचे गुरू भुरेसर म्हणाले. “एकानं काय बिघडतंय? उद्या सगळ्या रानासमोर निकाल सांगायचाय.”

“पण सर, सगळे विश्वासानं सापाच्या अंगावर जातील...”

“उगाच घाबरतेस!”

तेवढ्यात दारातून सरांचा लेक ओरडला, “बाबा, मी मुळी खाल्लीय! निघालो नागाच्या बिळाकडे!”

“थांब! जाऊ नकोस!” सर ताडकन उठले.

कपिला म्हणाली, “का सर? एकच तर आहे.”