पाचव्या पंचाचा हात

तुमच्या-आमच्या पणजोबांनाही ज्याचं नाव सांगता आलं नसतं, अशा एका राजाच्या राज्यातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

त्या राज्यात एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला नदीवर दगडी बंधारा होता, आणि बंधाऱ्यातून निघालेला पाट गावाच्या मधोमध वाहायचा. पाटाच्या एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची. पाणी एकच, पण दोन आळ्यांमधून विस्तव जात नव्हता. लग्नाच्या पंगतीलासुद्धा एकमेकांकडे पाठ करून बसायचे, बोला!

अशा गावात पाणी वाटायचं काम चिंधू पाटकऱ्याकडे होतं. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं, पाटाचं तोंड कधी उघडायचं, कधी बुजवायचं, हे सगळं तो ठरवी. पंचायतीतही त्याला जागा होती. दोन पंच वरच्या आळीचे, दोन खालच्या आळीचे आणि पाचवा पाटकरी. मात्र पाटकऱ्याने कुणाची बाजू घ्यायची नाही, अशी तिथली रीत. चार पंचांचं जमलं की त्याने आपला हात त्यांच्या हातांवर ठेवायचा, झालं काम. पाणी वाटणारा एकीकडे झुकला तर दुसऱ्याचं शेत वाळेल, म्हणून कुणा शहाण्याने ही रीत घालून दिली होती.

चिंधूला ती फार मानवली होती. तो कुठल्याही आळीत गेला तरी त्याच्यापुढे गूळपाणी येई. "चिंधूनाना म्हणजे देवमाणूस," असं दोन्हीकडचे म्हणत. खोटं कशाला बोला, ते ऐकायला त्याला गोड वाटे.

दर पावसाळ्यात पूर बंधाऱ्याचे दगड ओढून नेई. मग गावाच्या परगण्याचा वकील दरबारात उभा राही आणि राजाच्या रानातलं सागवान, भट्टीतला चुना मागून आणी. त्यातून अख्खं गाव मिळून बंधारा पुन्हा बांधी. भांडत भांडत का होईना, बांधी.

एके वर्षी राजाच्या मनात आलं, की काही परगण्यांत माणसं उदंड आणि काहींत मूठभर, तरी दरबारात वकील सगळ्यांचा एकेकच. हे काही बरोबर नाही. त्याने हद्दी नव्याने आखायचा हुकूम काढला. एक दिवस राजाचा निरोप घेऊन जासूद आला आणि चावडीवर उभा राहून त्याने हुकूम वाचला.

"तुमचा परगणा मोडला आहे. नवी हद्द तुमच्या बंधाऱ्यावरून आणि पाटावरून जाईल. वरची आळी डोंगर परगण्यात, खालची आळी नदी परगण्यात. गाव अखंड ठेवायचं असेल, तर ते कुठल्या परगण्यात घालायचं हे पंधरा दिवसांत कळवा. पाचांतल्या तीन पंचांच्या हातांचे ठसे पुरेत. उत्तर आलं नाही, तर हद्द कबूल आहे असं समजलं जाईल."

गाव तोडायचं? छे! यावर दोन्ही आळ्यांचं एकमत झालं. आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

पण ते एकमत चावडीची पायरी चढेपर्यंतच टिकलं. वरच्या आळीचे पंच हैबतबापू म्हणाले, "अख्खं गाव डोंगर परगण्यात जाऊ द्या. तिथे आपल्याएवढं मोठं गाव नाही. आपला शब्द चालेल."

"आपला म्हणजे तुमचा!" खालच्या आळीचे पंच दुलाअप्पा उसळले. "डोंगरातले सगळे तुमचे सोयरे. आम्ही काय तिथे हात चोळत बसायचं? गाव नदी परगण्यातच जाईल."

झालं! पहिला दिवस असा गेला, दुसराही तसाच गेला. कुणी पागोटं आपटलं, कुणी आजोबांच्या काळातली उणीदुणी काढली. वरचे दोन पंच हलेनात, खालचे दोन वाकेनात. शेवटी चौघांनी चिंधूकडे पाहिलं.

"तुम्ही बोला, नाना."

चिंधूने मान खाली घातली. "तुमचं चौघांचं जमू द्या. माझा हात आहेच."

घरी त्याची बायको भिवरा भाकऱ्या थापत होती. तिने सगळं ऐकलं आणि पीठभरल्या हातानेच ती उठून उभी राहिली.

"अहो, तीन हात पुरेत म्हणतोय ना राजा? दोन वरचे नि एक तुमचा. नाहीतर दोन खालचे नि एक तुमचा. कुणीकडेही टाका, पण टाका! गाव तरी एक राहील."

"आणि दुसरी आळी माझ्या दारात थुंकेल, त्याचं काय?"

"थुंकू दे की! दोन वर्षं बोलणार नाहीत, तिसऱ्या वर्षी पाण्याला येतीलच."

"पाटकऱ्याने बाजू घ्यायची नसते, भिवरा. माझ्या बापाने मला हेच शिकवलं."

"ती रीत पाणी वाटायची होती हो. इथे पाणीच जायची वेळ आलीय!"

चिंधू जेवला नाही. तिचं खरं आहे, हे त्याला कळत होतं. पण डोळ्यांपुढे कधी बापूंचा रागावलेला चेहरा यायचा, तर कधी अप्पांचा. ज्या दारात गूळपाणी मिळालं, त्या दारातून शिव्या खायच्या? त्याचा जीव धजेना.

पंधरावा दिवस उजाडला. जासूद चावडीवर येऊन बसला. कागदाच्या एका कडेला वरच्यांचे दोन ठसे उमटले, दुसऱ्या कडेला खालच्यांचे दोन. शाईची वाटी चिंधूपुढे आली. त्याने हात उचललासुद्धा. मग बापूंकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि तो हात त्याने धोतराला पुसला.

"मी कुणाला दुखवायचा नाही," तो म्हणाला.

जासुदाने कागदाची गुंडाळी केली आणि घोड्याला टाच मारली.

पुढच्याच पावसाळ्यात नदीने बंधाऱ्याचा मधला अर्धा भाग उचलून नेला. डोंगर परगण्याचा वकील म्हणाला, "पाणी खालच्यांना जास्त मिळतं, त्यांनीच बघावं." नदी परगण्याचा वकील म्हणाला, "बंधारा डोंगराच्या अंगाला आहे, आमचा काय संबंध?" दरबारात बंधाऱ्याचं नावही कुणी काढलं नाही. गावात तर विचारूच नका. आपल्या हद्दीपलीकडचा दगड उचलायला एकही माणूस तयार होईना.

मग चिंधू स्वतः चार दिवस पायपीट करून राजधानीला गेला. राजाच्या कारभाऱ्याच्या पायांशी बसून त्याने सगळं गाऱ्हाणं सांगितलं. कारभारी माणूस वाईट नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, बंधाऱ्याला सागवान द्यायचं तर कुठल्यातरी वकिलाने ते मागायला हवं. ते दोघंही मागत नाहीत. हद्द आता फिरायची नाही. तुम्हाला आम्ही विचारलं होतं, पंधरा दिवस दिले होते. एक हात कमी पडला तुमचा. कुणाचा हो?"

चिंधू तसाच उठला आणि परत चालू लागला.

दोन उन्हाळ्यांत पाट कोरडा पडला. विहिरी आटल्या. गुरं विकली गेली, मग माणसं हलली. वरची आळी डोंगराकडे गेली, खालची नदीच्या मुखाकडे. शेवटची बैलगाडी दुलाअप्पांची होती. ती चिंधूच्या दाराशी थांबली. चिंधू ओट्यावर बसला होता.

"अप्पा, मी तुम्हाला दुखावलं नाही हो कधी," तो कसाबसा म्हणाला.

अप्पांचे डोळे भरून आले.

"चिंध्या, त्या दिवशी तू बापूच्या बाजूने हात टाकला असतास ना, तरी चाललं असतं रे. मी तुला शिव्या दिल्या असत्या, वर्षभर तुझं तोंड पाहिलं नसतं. पण आज माझ्या घरात असतो."

गाडी निघून गेली. चिंधू ओट्यावरच ढसाढसा रडला. त्याला उगी करायला भिवराखेरीज गावात कुणी उरलं नव्हतं, आणि तीही त्याच्याशी बोलली नाही.

बाळांनो, आणि पंचायतीत बसणाऱ्या थोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: निवाडा आपल्या हातात असताना जो दोघांचाही भला राहायला बघतो, तो दोघांचाही घात करतो.