तळ्यातलं परकं लव्हाळं

झाडपाल्याची नावं माणसांच्या तोंडीच राहत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. एका तळ्याकाठच्या गावात येसाजी नावाचे वैद्य होते. कुठलीही वनस्पती हातात द्या, ते तिचं नाव सांगत.

एका वर्षी तळ्याच्या कडेला नवंच गवत उगवलं. कोळ्यांनी त्याची जुडी येसाजींपुढे ठेवली. "वैद्यबुवा, हे काय आहे? ठेवायचं की उपटायचं?"

येसाजींनी देठ बोटांत फिरवला. त्याच्या तीन कडा बोटांना लागल्या, म्हणजे लव्हाळं. पण इथलं लव्हाळं म्हणजे नागरमोथा, आणि याच्या मुळाशी नागरमोथ्याची गाठ नव्हती, वासही नव्हता. लव्हाळं म्हणावं तर इथलं नाही, नाही म्हणावं तर दुसरं काय? ते पार गोंधळले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. 'ठाऊक नाही' हे शब्द काही ओठांवर येईनात.

"नागरमोथाच आहे," ते म्हणाले. "यंदा पाणी जास्त, म्हणून उंच झालाय. राहू द्या."

लोक निर्धास्त झाले. येसाजी मात्र रोज काठावर जात, देठ मोडून हुंगत, चावून बघत आणि आणखीच गोंधळून परत येत. दोन वर्षांत गवतानं अर्धं तळं व्यापलं. होड्या अडकू लागल्या, जाळी रिकामी येऊ लागली.

एके सकाळी काठावर एका कोळ्याची सून भेटली. ती दूरच्या खाडीकाठची, लग्न होऊन इथे आलेली. येसाजींनी धीर करून विचारलं, "मुली, हे तू कुठे पाहिलंयस का?"

"हे तर आमच्या खाडीतलं लव्हाळं! पाखरांच्या पायांना बी चिकटून आलं असेल. तिकडे भरतीचं खारं पाणी त्याला आवरतं. इथे कोण आवरणार?"

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही नाव सांगितलं होतंत ना, बाबा. मला वाटलं, माझंच चुकतंय."

येसाजींची मान खाली गेली. त्याच दिवशी चावडीवर ते म्हणाले, "मला ते ओळखता आलंच नव्हतं. मी खोटं बोललो." लोक संतापले, घालूनपाडून बोलले. मग सारं गाव पाण्यात उतरलं. उथळ बाजू मोकळी झाली. खोल चिखलातली मुळं मात्र निघाली नाहीत, आणि तळ्याचा तेवढा भाग कायमचा गेला.

तात्पर्य: अनोळखी गोष्टीला ओळखीचं नाव दिलं, की ती ओळखणारेही गप्प बसतात.