करगोट्याखालची खपली

एकदा एक गुरांचा व्यापारी बाजाराहून परतला तो तापाने फणफणतच. तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ उठले. गावच्या वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्याला पाठवले. शिष्याने जीभ पाहिली, छाती पाहिली, पाठ पाहिली आणि गोवर ठरवून औषध दिले. पाच दिवसांनी व्यापारी बरळू लागला. तेव्हा वैद्य स्वतः आले.

त्यांनी रोग्याचे धोतर सैल केले. कमरेचा जाड काळा करगोटा सुजलेल्या अंगात रुतला होता. वैद्यांनी कात्री मागितली आणि तो सरळ कापून टाकला.

व्यापाऱ्याची बायको किंचाळली. पुरुषाचा करगोटा तोडतात तो त्याला तिरडीवर ठेवण्यापूर्वी. "अहो, माझा धनी जिवंत आहे! हे काय अभद्र केलंत?"

शिष्यही चिडला. "गुरुजी, निदान बाईंसमोर तरी..."

"इकडे ये. वाक. बघ."

करगोट्याखाली विडीचा चटका बसावा तशी काळी खपली होती.

"गोचीड चावलीय. गुरांत झोपला असणार, तिथून आणलाय हा ताप. गोवर म्हणे! गोवर तोंडाकडून खाली उतरतो. याचं पुरळ हातापायांकडून वर चढलंय. एका शब्दानं विचारलंस?"

"करगोट्याला हात लावणं बरं दिसलं नसतं, गुरुजी."

वैद्यांचा संताप अनावर झाला. "पाच दिवस हा माणूस जळतोय आणि तुला काळजी आपण सभ्य दिसतोय ना याची! भीड तुझी आणि मरायचं यानं? जिथे बघायला संकोच वाटतो, तिथे आधी बघायचं. वैद्याचा संकोच रोग्याला भोगावा लागतो. हे झेपत नसेल तर औषधांची पिशवी इथे ठेव आणि चालता हो."

शिष्य गेला नाही. वैद्यांनी औषध बदलले. दोन दिवस घरात कोणाच्या जिवात जीव नव्हता. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि व्यापाऱ्याने पाणी मागितले.

शिष्य त्याच्या खाटेपाशी बसला. आपण काय पाहिले नाही आणि का पाहिले नाही, ते त्याने काहीही न लपवता सांगितले.

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी चांगला शुद्धीत होतो," व्यापारी म्हणाला. "मला विचारायचं होतंत. करगोटा मीच सोडून दिला असता."