क्रुसाचा वाडगा

“महाराज, त्या वाडग्यातलं तुम्ही खाणार?”

विसाजीपंतांचा आवाज चिरकला. खाडीच्या तोंडाशी असलेल्या या मठीत ते लिंबगिरी गोसाव्यांचा अनुग्रह घ्यायला आले होते. आणि नेमकं त्याच दिवशी हे पुढ्यात यावं!

भात धानूबाई कोळिणीने आणला होता. बुडालेल्या एका फिरंगी तारवावर तिच्या नवऱ्याचं जाळं अडकलं, त्यात हा चिनी मातीचा वाडगा वर आला. घरात याहून बरं भांडं नाही, म्हणून बाबांसाठी यातच आणला, असं ती कौतुकाने सांगत होती. वाडग्याच्या पोटावर निळा क्रूस होता. धर्माच्या नावाने तलवार उपसणाऱ्या फिरंगी शिलेदारांचं ते निशाण.

पंतांना ते चांगलं ठाऊक होतं. तोच क्रूस छातीवर मिरवत ते शिलेदार त्यांच्या गावात शिरले. देऊळ जाळलं. आजोबा देव पोटाशी धरून खाडीपार पळाले. पंतांनी हे सगळं भडाभडा सांगितलं, आणि धानूबाईला दरडावलं की ही घाण उचल आणि चालती हो.

तिने मुकाट्याने वाडगा उचलला. पंतांचा संताप खरा होता, कबूल. पण देऊळ काही धानूबाईने जाळलं नव्हतं.

“ठेव खाली, बाय,” गोसावी म्हणाले. मग पंतांकडे वळले. “देऊळ जाळलं, ते पापच झालं… आज समुद्रस्नान केलंस?”

“केलं.”

“कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? सगळी तीर्थं सागराला मिळतात. जन्मोजन्मीचं पाप धुऊन निघतं.”

“बुडी केवढी मारलीस?”

“…श्वास धरवला तेवढी.”

गोसाव्यांनी वाडगा मांडीवर घेतला. बुडाला चिकटलेलं कालव नखाने खरवडलं.

“हा तुझ्या आजोबांच्या वेळेपासून समुद्राच्या तळाशी बुडी मारून होता.”

पंत पुटपुटले, “भांड्याचं वेगळं, माणसाचं वेगळं.”

“वेगळं खरंच.”

गोसाव्यांनी भात कालवला आणि सावकाश जेवू लागले. धानूबाई दाराशी टेकून बघत राहिली. पंतांना राहवेना.

“महाराज… माझा अनुग्रह?”

गोसाव्यांनी घास गिळला.

“आधी परत समुद्रावर जा. सकाळी तू कोरडाच आलास.”