कचेरीतली जांभई

सकाळी नऊ वाजता ठकूच्या बाळाच्या वरच्या हिरडीत दात दिसला. खालचा अजून आलाच नव्हता! वरचे दात आधी आले की मामाला जड जातात, असं दुपारपर्यंत गावभर झालं. मामा म्हणजे ठकूचा थोरला भाऊ, संस्थानचे कारभारी हैबतराव. त्यांनी भरकचेरीत हुकूम सोडला, "हे पोर वेशीबाहेरच्या मठात ठेवा."

बाळाला छातीशी घट्ट धरून ठकू कचेरीत आली आणि म्हणाली, "दादा, हे खरं कशावरून?"

"अगं, सगळं गाव म्हणतंय! एवढ्यांना अक्कल नाही, आणि तुला एकटीलाच आहे होय?"

ठकूने मोठ्ठी जांभई दिली. मग शिपायाने दिली, कारकुनांनी दिली, शेवटी हैबतरावांचाही जबडा उघडला.

"दादा, भरदिवसा सगळ्या कचेरीला झोप आली काय?"

"झोप कसली? तुझं बघून जांभई आली!"

"गावाचंही तसंच झालंय. एकाचं ऐकून दुसरा बोलला. त्यात अक्कल कुणी वापरली?"

कचेरी खो खो हसली. हैबतराव ओशाळून म्हणाले, "बरं बरं, ने तुझं पोर घरी."

"नेतेच! आणि भाऊबीजेला तुमच्याच मांडीवर बसवते. चावलं तर सांगा."

बायांनो, ही गोष्ट पुढच्या आईला जरूर सांगा. पण नुसती ऐकली म्हणून नको, पटली तर सांगा.