आवाजाचं हेड आणि ओढीचं हेड

एका गावात, खंडेनवमीच्या सकाळी बरोबर आठ वाजून वीस मिनिटांनी, मल्हारी गॅरेजवाल्याच्या घरच्या विमानाचं इंजिन सुरू झालं. विमान त्यानं आणि त्याच्या लेकीनं, शर्वरीनं मिळून शेडमध्ये बांधलेलं. इंजिन जुन्या मोटारीचं. विमान चालवायला शिकून आलेली शर्वरीच ते उडवणार होती. म्हणून तिची आई, अनसूयाबाई, सकाळपासून विमानाजवळून हलली नव्हती.

इंजिनाच्या माथ्यावर हेड बसतं. त्यातूनच इंजिन श्वास घेतं आणि धूर सोडतं. मल्हारीकडे दोन हेडं होती. एक त्याच मोटारीचं, साधं, अरुंद वाटांचं. दुसरं शर्यतीच्या गाडीचं, रुंद वाटांचं, आरशासारखं घासलेलं. शर्वरी म्हणत होती, साधंच बसवू. शर्यतीचं हेड इंजिन सुसाट फिरेल तेव्हाच कामाचं. विमानाचा पंखा त्या मानानं सावकाश फिरतो, तिथं ओढीचा जोर लागतो. पण सगळा गाव बघायला येणार, तर विमान गरजलं पाहिजे, असं मल्हारीच्या मनानं घेतलं. त्यानं शर्यतीचं बसवलं.

उडण्याआधी शेपटी दोरानं कडुनिंबाला बांधायची, मध्ये गुळाची ढेप तोलायचा काटा अडकवायचा आणि विमान किती ओढतंय ते बघायचं, ही त्या घरची रीत. काटा बघायचं काम अनसूयाबाईचं. आधी साधं हेड लावून पाहिलं तेव्हा तो जिथं पोचला होता, तिथं तिनं कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं.

इंजिन असं गरजलं की लोकांनी टाळ्या पिटल्या. अनसूयाबाई मात्र काट्याकडे बघत होती. ती नवऱ्याजवळ गेली आणि म्हणाली, "अहो, काटा कुंकवाला पोचत नाही."

गर्दीतून कुणीतरी टोमणा मारला, "मल्हारीतात्या, वहिनी भ्यायल्या वाटतं."

लोक हसले. आज विमान उडणारच, असा मल्हारीनं सगळ्या गावाला शब्द दिला होता. त्यानं गर्दीकडे पाहिलं, मग विमानात बसलेल्या लेकीकडे. हात वर करून त्यानं इंजिन बंद करायला लावलं.

"भ्यायली नाही, तिनं नीट पाहिलं," तो म्हणाला. "मी आवाजाला भुललो. आज विमान उडणार नाही."

"मग आणलेल्या पेढ्यांचं काय करायचं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"पेढे खा. विमानाला थांबा."

लोक कुरकुरत घरी गेले. बापलेकीनं साधं हेड चढवलं, पुन्हा काटा लावला. ओढ पुरती भरली. पुढच्या आठवड्यात विमान गिरणीसारखं एका लयीत घुमत उठलं, माळावर दोन घिरट्या घालून अलगद उतरलं. बघायला मोजकीच माणसं होती.

बाया अनसूयाबाईला म्हणाल्या, लेकीनं नाव काढलं. तिची मान ताठ झाली. ती म्हणाली, "लेक उडाली ते सगळ्यांनी पाहिलं. तिचा बाप थांबला, ते मी पाहिलं."

तात्पर्य: ज्याच्यावर आपल्या माणसाचा जीव सोपवायचा, ते दिखाव्यावरून निवडू नये, आणि चूक दिसली तर चारचौघांत थांबण्यात कमीपणा नाही, मोठेपणच आहे. तुमच्या ओळखीत कुणी आपल्या हातानं असं काही बांधत असेल, तर त्याच्या कानावर ही गोष्ट तेवढी घाला.