कावळ्याची हाक आणि कासवाचा निरोप

एका जंगलात, ओढ्याच्या डोहाकाठी, एक खेकडा राहत असे. त्याच्या कपारीत खाऱ्या झऱ्याचे पाणी थेंबाथेंबाने साठे. वरच्या आवळीवर माकडे तुटून पडली की उष्टे आवळे ओढ्यातून वाहत येत आणि डोह आंबट होई. डोहात मरळ मासोळीची इवली पिल्ले होती; आंबट पाण्याने त्यांचे कल्ले भाजत. म्हणून खेकडा कपारीच्या तोंडचा दगड सरकवून खारे पाणी सोडी आणि आंबटपणा मारी. निरोप देणारे दोघे होते. माकडे झाडावर दिसताच कावळा ओरडे. मग खेकडा दगड जरासा हलवी. कासव डोहातले पाणी चाखे आणि आंबट लागले की पोहत येऊन सांगे. तेव्हाच दगड पुरता सरके.

एके दिवशी कावळा म्हणाला, "खेकडेभाऊ, त्या कासवाची बातमी शिळी होऊन येते. उशीर झाला तर मरळबाई बोल तुम्हालाच लावील. मी ओरडलो की सगळा दगड काढा!" खेकड्याला ते पटले. दुपारी माकडे आवळीवर चढली. "आले, आवळे आले!" कावळा ओरडला. खेकड्याने दगड काढून टाकला.

कासव धापा टाकत आले. "अरे, पाणी अजून गोड आहे. एकही आवळा आला नाही. लाव तो दगड!"

"कासवराव, आत्ता उठलात वाटतं?" कावळा हसला.

आपण चुकलो, हे खेकड्याला त्याच क्षणी कळले. पण कावळ्यादेखत माघार कशी घ्यायची? त्याची नांगी हलली नाही. मुलांनो, इथवरची चूक माफ होती, यापुढची नव्हे. माकडे नुसती उवा वेचत बसली होती. संध्याकाळी त्यांनी आवळे ओरबाडले, तेव्हा कपार कोरडी पडली होती आणि सोडलेले पाणी केव्हाच ओढ्याबरोबर वाहून गेले होते.

पिल्ले पाण्यावर येऊन तडफडू लागली. काही पुन्हा खाली गेलीच नाहीत. मरळ कपारीशी आली. "सकाळी भरलेली होती ना ही? पाणी कुठं गेलं?" खेकड्याने डोळे आत ओढून घेतले. कावळा फांदीवर मागे मागे सरकला. कासव तडफडणाऱ्या पिल्लांकडे पोहत गेले, आणि ते पाहणे दोघांना सोसवेना.

पुढे आवळीवर माकडे दिसली की कावळा खालच्या आवाजात एवढेच म्हणे, "चढलीत झाडावर. आवळे आलेत का, ते कासवदादांना विचारा."

तात्पर्य : जेवणाचा वास येताच मज्जातंतू स्वादुपिंडाला हाक देतात, तेव्हा ते आंबटपणा मारणारा रस थोडाच सोडते; आंबट घास आतड्यात खरोखर उतरल्याचा निरोप संप्रेरके रक्तातून आणतात, तेव्हा ते हात मोकळा सोडते. पहिली हाक तयारीपुरती ऐकावी, खात्रीचा निरोप येईपर्यंत साठा राखावा, आणि चूक कळली की लाजेखातर ती चालू ठेवू नये.